साहेबांचा टोमॅटो

टोमॅटोच्या पानांचा वास आवडणारी माणसं मी पाहिली आहेत. पान बोटांत चुरडतात, नाकाशी नेतात आणि डोळे मिटून 'वा' म्हणतात. अशा माणसांशी माझं फार वेळ पटत नाही. मला तो वास सहन होत नाही आणि वय झालं तरी त्यात काडीचा फरक पडलेला नाही. भाजीवाल्याकडे टोमॅटो देठापानांसकट आलेले असले तर मी चार पावलं लांब उभी राहून वांगी घेते. सूनबाई हसते. हसू दे. तिनं ते दिवस पाहिलेले नाहीत.

आम्ही बेळगावचे. राज्यांची नवी वाटणी झाली, बेळगाव मुंबईकडून म्हैसूरकडे गेलं आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कचेरी त्यांना बेंगळुरात घेऊन आली. त्यांच्यामागून आम्ही. बसवनगुडीत अर्धं घर भाड्यानं मिळालं. मागे परस, परसात नळ आणि न्हाणी. मी तेव्हा बारा वर्षांची, भाऊ चार वर्षांचा. आम्ही तिघं महिन्याभरात रुळलो. आई रुळली नाही. तिला कानडी येत होतं, पण ते बेळगावचं. तिनं हो म्हणायला 'हौद्री' म्हटलं की शेजारच्या अक्का तोंडाला पदर लावायच्या आणि नणंदेला हाक मारून आईला तेच पुन्हा म्हणायला लावायच्या. आईनं मग बोलणंच कमी केलं. 'सरी', म्हणजे बरं, आणि 'स्वल्प', म्हणजे थोडं, एवढ्या दोन शब्दांवर ती बाजार करून यायची.

तेही तिनं सोसलं असतं. पण बेळगावात तिचे वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते. आई त्यांची एकच लेक. मामी त्यांचं करायची, पण कसं करायची ते मामाच्या पोस्टकार्डातूनही कळायचं. दर कार्डाच्या शेवटी एकच ओळ असे: 'तात्या तुझी आठवण काढतात, कधी येणार म्हणून विचारतात.' आई गणपतीत पाच दिवस जाऊन आली होती. पहिले दोन दिवस त्यांनी तिला ओळखलंच नाही. तिसऱ्या दिवशी ओळखलं आणि पाचव्या दिवशी तिची परतीची गाडी होती. तिथून आल्यावर तिनं अण्णांना एवढंच सांगितलं, "मला त्यांच्या जवळ राहायचंय. ते आहेत तोवर. बदली मागा की हो."

बदली साहेबांच्या हातात होती. आणि साहेबांना टोमॅटोचं वेड होतं.

साहेब तिथलेच, जुन्या बेंगळुरातल्या बड्या घरातले. बोलणं अर्धं कानडी, अर्धं इंग्रजी. त्यांना कुणीतरी परदेशातून एका टोमॅटोचं बी आणून दिलं होतं. झाड माणसाच्या डोक्यावर जाणारं, एकेक फळ तळहातात न मावणारं. त्यांच्या बंगल्याच्या बागेत ते येतच होतं, पण तेवढ्यानं त्यांचं भागेना. नवरात्रात त्यांनी कचेरीतल्या पाच कारकुनांना बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातावर सरकारी लिफाफ्यातून वीस-वीस बिया ठेवल्या. कुणाच्या परसात किती मोठं फळ येतं ते पाहू म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं तो खेळ होता. पाच घरांत मात्र त्या दिवसापासून दुसरा विषय राहिला नाही. तुम्ही सांगा, असल्या खेळाला नाही म्हणायची कुणाची छाती होती?

अण्णांनी आयुष्यात तुळशीलासुद्धा पाणी घातलेलं नव्हतं. ते लिफाफा घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "झाली म्हण तुझी बदली."

साध्या टोमॅटोला काय लागतं? माती, पाणी, एखादी काटकी. याला सगळंच वेगळं. आधी खोक्यात रोपं, ती वीतभर झाली की जमिनीत, तीही अर्धं खोड बुडेल इतकी खोल. मग पुरुषभर उंचीचे बांबू. आमच्या परसात असे सात बांबू उभे राहिले आणि आईला लुगडी वाळत घालायला जागा उरली नाही. प्रत्येक पानाच्या बगलेतून नवा फुटवा निघे, तो नखानं खुडावा लागे. न खुडला तर झाड पसरतं आणि फळ लहान राहतं, असं साहेबांनी शिकवलं होतं. अण्णा रोज सकाळी संध्या आटोपून बगलफूट खुडायला बसत. खुडताना बोटांना एक चिकट, हिरवा-पिवळा राप बसतो. साबणानं धुतला की पाणी हिरवं होतं आणि बोटं काळीच राहतात. त्याच बोटांनी अण्णा भात कालवायचे. मी ताट घेऊन उलट्या दिशेला तोंड करून बसायला लागले, तर मलाच बोलणी बसली.

खताची तर कथाच नको. शेंगदाण्याची पेंड आणि शेण एका डब्यात पाणी घालून आठ दिवस कुजवायचं. झाकण उघडलं की शेजारच्या अक्का खिडकी लावून घेत. खिडकी लावायच्या आधी कानडीत काय म्हणत ते मला समजायचं आणि आईलाही. डब्यात पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. अण्णा त्या काठीनं बाजूला सारून खालचं पाणी तांब्यानं घेत. तांब्या न्हाणीतलाच.

मग एके दिवशी त्यांनी गोणपाटाच्या पिशवीतून राखाडी भुकटी आणली. विलायती खत आहे, साहेबांनी सांगितलंय, म्हणाले. आईनं ती सुपात घेतली, कारण घरात आलेली कुठलीही वस्तू पाखडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पाखडता पाखडता सुपात एक दाढ निघाली. बैलाची असेल, म्हशीची असेल, मला काय माहीत. पिवळी, मुळासकट. आई तिच्याकडे बघत राहिली.

"हे कसलं खत?"

"हाडांचा चुरा असतो," अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले. "फळ पोसतं त्यानं."

आमचं घर सोवळ्याओवळ्याचं. कांदा घरात आला तरी कोनाड्यात वेगळा ठेवायचा. चामड्याचं पाकीट घेऊन अण्णांना स्वैपाकघराचा उंबरा ओलांडता येत नसे. मला वाटलं, आता आई पिशवी रस्त्यावर भिरकावणार. आईनं विचारलं, "यानं बेळगाव मिळेल ना?"

"मिळेल."

"मग घाला."

तिनं सूप तिथेच टाकलं, डोक्यावरून अंघोळ केली आणि चुलीशी जाऊन बसली. मला त्या दिवशी आईचा राग आला होता, हे कबूल करते. तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

किडी वेचायचं काम माझ्याकडे. हिरव्या अळ्या, पानांच्याच रंगाच्या. डोळ्यांना दिसायच्या नाहीत, बोटांना लागायच्या. थंड, मऊ. चिमटीत धरली की ती मागचं अंग उचलून बोटाला चिकटायची आणि तोंडातून हिरवं पाणी सोडायची. रॉकेलच्या डबीत टाकायची आणि पुढची शोधायची. शाळेत जाण्याआधी तीस-चाळीस. वर्गात माझ्या हातांना वास येतो म्हणून शेजारची मुलगी बाकाच्या टोकाला सरकून बसू लागली. मी तिच्याशी भांडले, पण तिचं चुकत नव्हतं.

आणि दर रविवारी साहेब. सकाळी दहाच्या सुमारास त्यांची काळी मोटार गल्लीत शिरायची. पाचही घरांची तपासणी व्हायची, त्यात आमचं दुसरं. आई पहाटेपासून उप्पिट, बेसनाचे लाडू, फिल्टरची कॉफी करून ठेवायची. साहेब बूट न काढता माजघरातून थेट परसात जायचे आणि आई त्यांच्या मागून पाण्याचा हात फिरवत यायची. ते झाडाचं खोड दाबून बघत, पान उलटं करून बघत आणि अण्णा दोन पावलं मागे, हात पुढे बांधून उभे. "यस सार. हौद्री सार. तुम्ही म्हणाल तसं सार." घरात आवाज चढवणारा माणूस परसात गेला की इतका मऊ कसा होतो, हे मला कळायचं नाही. कळायला लागलं तेव्हा जास्तच किळस आली.

झुपक्यात सहा-सात फळं धरली की साहेब दोनच ठेवायला सांगत, बाकीची तोडून टाकायची. कोवळी, पाणीदार हिरवी फळं ढिगानं पडलेली बघून आईचा जीव तुटे. ती अक्कांकडे पोचवली जात आणि त्यांच्याकडे त्याचं गोज्जु, म्हणजे चिंचगुळाचं आंबटगोड कालवण, होई. आमच्याकडे कुणी खात नसे. कापल्यावर मांसासारखं दिसणारं लाल, रसरशीत फळ ताटात घ्यायचं आईच्या माहेरी कुणाच्या मनातही आलं नसतं.

संक्रांत झाली आणि अण्णांनी अर्ज लिहिला. इंग्रजीत, त्यांच्या त्या गोल अक्षरात, चार कागद फाडून पाचवा पक्का केला. सासऱ्यांचा आजार, घरची अडचण, बेळगावच्या कचेरीत रिकामी झालेली एक जागा, सगळं त्यात होतं. अर्ज हेडक्लार्कमार्फत साहेबांकडे गेला. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी आई दाराआड उभी राहून ऐकायची. साहेब खोडाबद्दल बोलत, पाण्याबद्दल बोलत, बांबूला बांधलेल्या सुतळीबद्दल बोलत. साहेब गेले की आई विचारायची, "काय म्हणाले?" अण्णा म्हणायचे, "घाई करून चालत नाही. फळ येऊ दे."

इकडे बाकीच्या चौघांची झाडं मागे पडत चालली होती. एकाची करप्यानं गेली. दोघांची उंच झाली, पण फळ लिंबाएवढंच. चौथा बेंगळुराबाहेरच्या के. आर. पुरमहून रोज आगगाडीनं ये-जा करणारा कारकून, म्हैसूरकडचा, हसतमुख आणि बेफिकीर. त्याची रोपं शेळ्यांनी खाल्ली आणि त्यानं साहेबांना तसंच हसत सांगितलं. साहेब चिडले म्हणे. अण्णा घरी येऊन ते सांगताना इतके खूश होते की त्यांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

शिवरात्रीच्या पुढच्या रविवारी आमचं सगळ्यात मोठं फळ तोडायचं ठरलं. साहेबांनी कचेरीतला टपालाचा तराजू मोटारीतून आणला. बाकीचे चार कारकूनही हजर. ते फळ मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. गोल नव्हतंच. बसकं, चुण्या पडलेलं, देठाशी तपकिरी भेगा, एका बाजूला बेंबीसारखं वळलेलं. वजन एक रत्तल सात औंस भरलं. साहेबांनी टाळी वाजवली, म्हणून चौघांनी वाजवली.

मग साहेबांनी ते तिथेच, आमच्या पाटावर कापलं. मीठ-मिरपूड मागवली. जाड काप उचलून तोंडात घातला आणि रस हनुवटीवरून शर्टावर उतरला. मिशीत दोन बिया अडकल्या. अण्णा धुतलेला पंचा घेऊन बाजूला वाकून उभे होते, पुसू की पुसायला देऊ अशा विचारात. साहेबांनी सगळ्यांना एकेक काप दिला. दाराआडच्या आईलाही पाठवला, माझ्या हातून. तो काप तिनं तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. बोटांमधून रस गळत राहिला. ती ऐकत होती.

साहेब तोंड पुसत अण्णांना म्हणाले, "तुमचा अर्ज आला होता माझ्याकडे."

"हौद्री सार."

"मी फाडून टाकला. काळजी करू नका, वर कुणाला कळणार नाही. असा हात असलेला माणूस मी बेळगावला पाठवीन होय? तुम्ही इथेच राहायचं, माझ्याजवळ. पुढच्या वर्षी माझ्या बंगल्यातलं सगळं तुमच्याकडे बघायला देणार आहे." मग ते के. आर. पुरमच्या कारकुनाकडे वळले. "बेळगावला यांना धाडतो. इथे राहून शेळ्यांना चारण्यापेक्षा बरं."

त्या कारकुनाच्या हातातला काप तसाच राहिला. त्याचं सगळं घरदार या बाजूचं. तो कशाला बेळगाव मागतो?

मी अण्णांकडे बघत होते. मला वाटलं, आता ते बोलतील. आजारी सासरे, बायको, एवढे शब्द तरी. चार-पाच महिने हाडांचा चुरा घातला, अळ्या ढवळल्या, ते सगळं एवढ्यासाठीच तर होतं. अण्णांनी पंचाची घडी घातली आणि म्हणाले, "थँक यू सार."

मी वळून दाराआड पाहिलं तर आई न्हाणीकडे गेली होती.

साहेब जाताना सांगून गेले की या फळाचं बी जपायचं, पुढच्या वर्षी सगळ्या कचेरीला वाटायचं. त्याचीही एक रीत आहे. गर आणि बिया थोड्या पाण्यात घालून तीन दिवस आंबवायच्या. वर पांढरी बुरशी धरते, बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो, मग धुवून वाळवायच्या. फार दिवस राहिलं तर बी आतल्या आत मोडावतं आणि वाया जातं. अण्णांनी काचेच्या बरणीत ते घालून स्वैपाकघराच्या खिडकीत ठेवलं, कारण तिथे ऊब होती. त्या बरणीशेजारी बसून आईनं सोमवारी स्वैपाक केला, मंगळवारी केला. वास असा की पोळीचा घास घशाखाली उतरेना. अण्णा म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

बुधवारी सकाळी तार आली. तात्या गेले.

आई रडली नाही. तिनं माझ्या भावाचे दोन सदरे आणि आपलं एक लुगडं बोचक्यात बांधलं. मामा अग्नी द्यायला तिच्यासाठी थांबणार नव्हता, थांबणं शक्यही नव्हतं. गाडी दुसऱ्या दिवशी पोचणार. तिलाही ते माहीत होतं. अण्णा कचेरीतून दुपारी आले, टांगा बोलावला आणि तिला आणि भावाला स्टेशनवर पोचवून बायकांच्या डब्यात बसवून आले. आपण सोबत जावं असं त्यांना वाटलं की नाही, रजा मागितली आणि मिळाली नाही की मागितलीच नाही, ते मी पुढे मोठी झाल्यावर एकदा विचारलं. त्यांनी पेपर वर धरला.

स्टेशनवरून परत आले तेव्हा उन्हं कलली होती. मी उंबऱ्यात बसले होते. अण्णांनी टोपी काढून खुंटीला लावली, स्वैपाकघरात गेले आणि बरणी घेऊन नळावर आले. झाकण काढलं. वास परसभर झाला. ते उकिडवे बसले, बुरशीचा थर बोटानं काढून मातीत झटकला आणि म्हणाले, "आज धुतल्या नाहीत तर मोड येतील. आईची रव्याची चाळणी आण. इकडे ये, धर."

मी नाही म्हणू शकले असते. बारा वर्षांची मुलगी नाही म्हणू शकते. फार तर एक धपाटा बसला असता. माझी आई त्या वेळी तुमकूरच्या अलीकडे कुठेतरी, बाप गेल्यावर बापाकडे निघालेली होती आणि तिची चाळणी फळीवर होती.

मी ती आणली. दोन्ही हातांनी धरली. अण्णांनी बरणी उपडी केली, नळ सोडला आणि बिया बोटांनी चोळू लागले. गर वाहून गेला, बिया स्वच्छ झाल्या. अण्णा म्हणाले, "हलवू नकोस, सांडतील." मी हलवली नाही. अण्णांना मी पुढे कधीतरी माफ केलं. ते नोकरदार होते, भित्रे होते, त्यांना दोन मुलं होती. पण ती चाळणी मी किती नीट धरली होती, ते मला आठवतं. एकही बी सांडलं नाही.